माहेरच्या वाटणीचा साडेअठरा लाखांचा चेक : कोणत्या खात्यात भरावा, आणि सही आधी की पैसे आधी?

जांबोटीकर

सर्वांना नमस्कार. माझी आई सदुसष्ट वर्षांची आहे. तिचे माहेर कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, निपाणी तालुक्यात, तंबाखूच्या पट्ट्यात. सासर, म्हणजे आमचे घर, खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला. आजोबांच्या जमिनीत हिस्सा मिळावा म्हणून तिने २०१९ मध्ये निपाणीच्या कोर्टात वाटणीचा दावा लावला होता. मामा दोन वर्षांपूर्वी वारले. आता मामेभावांनी तडजोडीची तयारी दाखवली असून आईने जमिनीवरचा हक्क सोडावा आणि त्याबदल्यात त्यांनी तिला साडेअठरा लाख रुपये द्यावेत, असे दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांसमोर ठरले आहे. येत्या लोकअदालतीत तडजोड अर्ज दाखल होईल आणि त्याच दिवशी चेक हातात मिळेल, असे आमचे वकील सांगतात.

आमच्या घरात एवढ्या रकमेचा चेक आजवर कोणी हाताळलेला नाही. भाताच्या पैशांचे किंवा काजूच्या पट्टीचे चेक आले तेवढेच, तेही वीस-पंचवीस हजारांचे. त्यामुळे पुढील गोष्टींबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

थोरला मामेभाऊ कोल्हापुरात व्यापार करतो आणि त्याचे खाते तिथल्याच एका नागरी सहकारी बँकेत आहे. परराज्यातल्या बँकेचा चेक खानापुरात भरला तर वटायला किती दिवस लागतात? आईची खाती दोन आहेत. एका राष्ट्रीयीकृत बँकेत जनधनच्या वेळी उघडलेले, ज्यात कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला दोन हजार येतात. आणि दुसरे गावाजवळच्या एका सौहार्द सोसायटीत, म्हणजे सहकारी पतसंस्थेत. सोसायटीचे सेक्रेटरी ओळखीचे आहेत, मराठीत नीट बोलतात, बसायला खुर्ची देतात आणि व्याजही जास्त देतात. चेक आमच्याकडेच द्या, आम्ही वटवून घेतो, असे त्यांचे म्हणणे आहे. बँकेत मात्र काउंटरवरच्या नव्या मुलाला मराठी येत नाही आणि आईला कन्नड फारसे येत नाही, त्यामुळे ती तिथे जायलाच नाखूश असते.

तिसरी अडचण नावाची. आईचे माहेरचे नाव लक्ष्मी. लग्नात, जुन्या रीतीप्रमाणे, ताटातल्या तांदळावर अंगठीने सुमन हे नाव लिहिले गेले आणि तेच पुढे आधार कार्डावर, रेशन कार्डावर आणि पासबुकावर चढले. दाव्यात आणि जमिनीच्या उताऱ्यावर मात्र ती वडिलांच्या आडनावासह लक्ष्मीच आहे.

शेवटचा मुद्दा थोडा नाजूक आहे. काकांचे म्हणणे असे की, चेक म्हणजे कागद, नोटा मोजून घ्याव्यात. मामेभाऊही आठ लाख रोख आणि साडेदहा लाखांचा चेक द्यायला तयार आहे. फक्त अर्जात चेकचीच रक्कम लिहावी, अशी त्याची इच्छा आहे. आम्हाला घराच्या छपरासाठी आणि एक जुने हातउसने फेडण्यासाठी चार-पाच लाख रोख लागणार आहेत, म्हणून घरात दोन मते पडली आहेत. खात्यात एवढी रक्कम आल्यावर आईची गृहलक्ष्मी बंद होईल का, हेही कोणी सांगितले तर बरे होईल; रक्कम लहान असली तरी ती तिची स्वतःची आहे.

निवृत्त शाखाधिकारी, टिळकवाडी

जांबोटीकर, माझी पस्तीस वर्षे बँकेच्या काउंटरमागे आणि केबिनमध्ये गेली, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. नावाची अडचण तुम्ही तिसऱ्या क्रमांकावर टाकली आहे. माझ्या मते ती पहिली आहे.

एवढ्या रकमेचा चेक अकाउंट पेयी, म्हणजे डाव्या कोपऱ्यात दोन रेघा मारून, दिलेला असणार आणि तसाच तो असायला हवा. अशा चेकचे पैसे काउंटरवर रोख मिळत नाहीत. ज्याचे नाव चेकवर आहे त्याच्याच खात्यात ते जमा होतात. चेकवर लक्ष्मी आणि खाते सुमनचे, असे असेल तर एखादे अक्षर इकडचे तिकडे झाल्यासारखा हा मामला नाही. बँकेच्या दृष्टीने या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत, आणि प्रतिज्ञापत्र दाखवले तरी साडेअठरा लाखांची जोखीम कोणताही शाखाधिकारी स्वतःच्या सहीवर घेणार नाही. मीही घेतली नसती. चेक हातात आल्यावर नाव खोडून नवे लिहून घेऊ, असेही करता येत नाही, कारण आता चेक त्याच्या स्कॅन केलेल्या प्रतिमेवरून वटवला जातो आणि तिथे तारीख वाढवण्याखेरीज कोणतीही खाडाखोड चालत नाही. म्हणून पासबुकावर इंग्रजीत जे नाव छापले आहे, त्याची झेरॉक्स आजच मामेभावाकडे पाठवा आणि अक्षर न् अक्षर तसेच चेकवर लिहून घ्या. लक्ष्मी आणि सुमन एकच, हे ठरवण्याची जागा बँकेचा काउंटर नव्हे, कोर्टातला अर्ज आहे. त्याबद्दल इथले वकील अधिक सांगतील.

आता खाते. सोसायटीच्या सेक्रेटरींची भाषा गोड आहे आणि खुर्चीही खरी आहे. पण सोसायटी ही बँक नव्हे. पतसंस्थांच्या सभासदांचे अकाउंट पेयी चेक संस्थेच्या बँक खात्यातून वटवून घेण्याची जी सवलत रिझर्व्ह बँकेने ठेवली आहे, ती पन्नास हजार रुपयांपर्यंतच्या चेकपुरतीच आहे. साडेअठरा लाखांचा चेक त्या वाटेने नेणे नियमात बसत नाही. दुसरे, बँकेतल्या ठेवीला, मग ती सहकारी बँक का असेना, प्रत्येक ठेवीदारामागे प्रत्येक बँकेत पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे. फेब्रुवारी २०२० पूर्वी ते एक लाखच होते. सौहार्द किंवा इतर पतसंस्थांना हा विमा लागूच नाही. सगळ्याच सोसायट्या वाईट असतात असे मी म्हणत नाही, माझेही एका संस्थेत शेअर्स आहेत. पण उतारवयातल्या बाईची सगळी पुंजी तिथे ठेवण्याचा सल्ला मी देणार नाही.

जनधन खात्याचे पासबुक घेऊन शाखेत जा आणि एवढाच प्रश्न विचारा की, हे खाते पूर्ण केवायसीचे, म्हणजे ओळखीची सगळी कागदपत्रे दिलेले, आहे की लघु खाते. कागदपत्रांशिवाय, नुसत्या फोटोवर आणि सहीवर उघडलेल्या लघु खात्यात वर्षभरात एक लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही आणि शिल्लक पन्नास हजारांवर जाऊ शकत नाही. आधार कार्ड आहे म्हणजे खाते बहुधा पूर्ण केवायसीचे असेल, तरी विचारूनच घ्या. चेक भरल्यावर हे कळणे फार त्रासाचे. पॅन नसेल तर काढून घ्या. आधारला मोबाईल जोडलेला असेल तर ई-पॅन लगेच आणि फुकट मिळते. मुख्य म्हणजे खात्याला जोडलेला मोबाईल क्रमांक चालू आहे ना, ते पाहा.

परराज्याची काळजी करू नका. एके काळी कर्नाटक चेन्नईच्या ग्रिडमध्ये, म्हणजे चेक वटवण्याच्या विभागात, आणि महाराष्ट्र मुंबईच्या ग्रिडमध्ये होता, त्यामुळे चंदगडचा चेक बेळगावात भरला तरी तो परगावचा ठरायचा आणि आठवडा-दोन आठवडे जायचे. आता सगळ्या देशाची ग्रिड एकच आहे. त्यातही ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर गठ्ठ्याने न जाता दिवसाच्या ठरलेल्या वेळेत जसजसे स्कॅन होतील तसतसे पुढे जातात, आणि समोरच्या बँकेने त्याच संध्याकाळी सातपर्यंत होय किंवा नाही कळवायचे असते. सकाळी लवकर भरलात तर दुसऱ्या दिवशी रक्कम दिसायला हरकत नाही. मात्र लहान सहकारी बँका मोठ्या बँकेमार्फत या व्यवस्थेत येतात, तेव्हा एखादा दिवस इकडेतिकडे धरा.

एक खाच बहुतेकांना माहीत नसते. पाच लाख किंवा त्यावरच्या चेकसाठी अनेक बँकांनी पॉझिटिव्ह पे सक्तीचे केले आहे. चेक लिहिणाऱ्याने स्वतःच्या बँकेला क्रमांक, तारीख, नाव आणि रक्कम आधी कळवायची असते. त्याने कळवले नाही तर खात्यात पैसे असूनही चेक परत येऊ शकतो, आणि हेलपाटे मात्र तुम्हाला. मामेभावाला हे आवर्जून सांगा आणि कळवल्याचा मेसेज तुमच्याकडे पाठवायला लावा. चेक भिंतीवरच्या पेटीत टाकू नका. काउंटरवर द्या, स्लिपच्या अर्ध्या भागावर शिक्का आणि सही घ्या, आणि देण्यापूर्वी चेकच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा. चेक तारखेपासून तीनच महिने चालतो. पूर्वीचे सहा महिने डोक्यात ठेवून अनेक जण तो देवघरात जपून ठेवतात.

रोख पैसे स्वतःच्या खात्यातून काढायला कायद्याची आडकाठी नाही. लहान शाखेत तेवढी रोकड रोज नसते, म्हणून चार-पाच लाख हवे असतील तर एक-दोन दिवस आधी सांगून ठेवा. वर्षभरात फार मोठी रोख रक्कम काढली तरच करकपात सुरू होते. तुमची सगळी रक्कमच त्याच्या आत आहे. हातउसने फेडायचे असेल तर तेही चेकने किंवा खात्यावर फेडा, पुढे पावतीची भांडणे होत नाहीत.

भाषेबद्दल थोडेसे. बँकेतले फॉर्म हिंदी, इंग्रजी आणि त्या प्रदेशाच्या भाषेत असावेत, असा दंडक आहे, आणि आपल्याकडे प्रदेशाची भाषा कन्नड. त्यामुळे मराठी स्लिप मिळत नाही, यावर काउंटरवरच्या मुलाशी वाद घालून उपयोग नाही. तो बिचारा रायचूर किंवा मंड्याहून बदलून आलेला असतो. आईंची मराठीतली सही मात्र पूर्ण वैध आहे. खाते उघडताना जशी केली तशीच करायची, एवढेच.

वकील, चिकोडी

वरील उत्तरातील बँकेच्या भागाला मी हात लावत नाही. कोर्टाच्या बाजूने चार गोष्टी सांगणे आवश्यक वाटते, आणि त्यातली पहिली रोखीची आहे.

आठ लाख रोख घेऊ नका. २०१७ पासून कोणत्याही व्यक्तीने एका दिवसात, एका व्यवहारात किंवा एकाच प्रसंगासंबंधी एका माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास मनाई आहे, आणि दंड देणाऱ्याला नव्हे, घेणाऱ्याला होतो. तोही घेतलेल्या रकमेइतका. म्हणजे मामेभाऊ मोकळा आणि तुमच्या मातोश्री अडकलेल्या. एप्रिल २०२५ मध्ये बंगळुरूच्या एका जमिनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असेही सांगितले की, दोन लाख किंवा अधिक रोख दिल्याचे एखाद्या दाव्यात म्हटले असेल तर न्यायालयाने ते आयकर खात्याला कळवावे. अर्जात कमी रक्कम लिहिण्याचा दुसरा तोटा असा की, उद्या चेक परत आला किंवा आठातले तीनच लाख हातात पडले, तर हुकूमनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या निकालाच्या कागदात, साडेदहाच लाख असतील आणि उरलेल्या पैशांबद्दल कोर्टात तोंड उघडायला जागा उरणार नाही. पूर्ण साडेअठरा लाख अर्जात लिहा.

दुसरे, नाव. अर्जाच्या शीर्षकात आणि मजकुरात वादीचे नाव ‘लक्ष्मी ऊर्फ सुमन’ असे, माहेरच्या आणि सासरच्या दोन्ही आडनावांसह लिहून घ्यावे, आणि या दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिवादींना मान्य आहे, असे एक वाक्य घालावे. मूळ दाव्यात हे नसेल तर आधी दुरुस्तीचा अर्ज द्यावा लागेल. लोकअदालतीच्या दिवशी गर्दीत ते सुचणार नाही, म्हणून तुमच्या वकिलांना या आठवड्यातच आठवण करा. चेक बँकेतल्या नावाने, हुकूमनामा दोन्ही नावांनी. तलाठ्याकडे आणि तहसीलदार कचेरीत भूमीच्या नोंदीलाही पुढे तोच कागद लागतो.

तिसरे म्हणजे सहीचा क्रम, आणि खरे तर सगळा प्रश्न याच्यातच आहे. आपल्याकडे रीत अशी पडली आहे की, सकाळी सब-रजिस्ट्रार कचेरीत बहिणीची हक्कसोडपत्रावर सही होते, दुपारी हॉटेलात जेवण होते आणि संध्याकाळी निघताना तिच्या हातावर चेक ठेवला जातो. असे होऊ देऊ नका. वाटणीचा दावा चालू असताना त्याच जमिनीबद्दल तडजोड होऊन हुकूमनामा झाला, तर त्याला नोंदणी कायद्यातून सूट आहे. मग वेगळे हक्कसोडपत्र कशासाठी हवे, हे समोरच्यांना विचारावे. त्यांनी आग्रहच धरला तर रक्कम खात्यात जमा झाल्यानंतरची तारीख द्यावी. अर्जात चेकचा क्रमांक, तारीख, बँक आणि शाखा लिहून पुढे स्पष्ट म्हणावे की, हा चेक वटल्यावरच वादीचा हक्क संपुष्टात येईल आणि न वटल्यास ठरावीक व्याजासह रक्कम वसूल करण्याचा अधिकार राहील. ‘रक्कम पावली’ हे दोन शब्द चेक घेताना कधीही लिहून देऊ नयेत. ‘चेक मिळाला’ एवढेच लिहावे.

लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. तो दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि पैसे न मिळाल्यास त्याची अंमलबजावणी मागता येते. पण अपील नाही ही गोष्ट दोन्ही बाजूंना कापते. अर्जातली चूक नंतर सहज निस्तरत नाही.

चेक परत आलाच तर काय, तेही सांगतो. बँकेकडून परत आल्याचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस पोचल्यापासून पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात फिर्याद दाखल करायची. पेमेंट थांबवले म्हणून चेक परत आला असेल तरी हाच मार्ग खुला असतो. सीमाभागातल्या माणसाने लक्षात ठेवावे असे यात एक आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर ही फिर्याद, चेक घेणाऱ्याचे खाते ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात चालते. चेक कोल्हापूरच्या बँकेचा असला तरी आईंच्या खानापूरच्या खात्यात भरला, तर फिर्याद खानापुरात. उलट, सोय म्हणून कोल्हापुरातल्या एखाद्या नातेवाइकाच्या ओळखीने तिथेच खाते उघडून चेक भरला, तर तारखेला दर वेळी कोल्हापूरची गाडी धरावी लागेल.

कराबद्दल थोडक्यात. कुटुंबातल्या खऱ्याखुऱ्या वाटणीत हिश्श्यापोटी मिळालेल्या रकमेकडे विक्री म्हणून पाहिले जात नाही. शिवाय जमीन शेतीची असून गाव नगरपालिकेच्या हद्दीपासून पुरेसे लांब असेल, तर भांडवली नफ्याचा प्रश्नच येत नाही. दहा हजार ते एक लाख वस्तीच्या गावापासून हे अंतर दोन किलोमीटर धरतात, निपाणी या गटात मोडते. बेळगावसारख्या एक ते दहा लाख वस्तीच्या शहरापासून ते सहा किलोमीटर आहे. अंतर रस्त्याने नव्हे, सरळ रेषेत मोजायचे. तुमचे गाव काठावर असेल तर एकदा कर सल्लागाराला उतारा दाखवा.

निपाणीची लेक

वकीलसाहेबांनी सहीच्या क्रमाबद्दल लिहिले ते वाचून मला माझेच लिहिल्यासारखे वाटले. चार वर्षांपूर्वी मी माझ्या हिश्श्याचे सहा लाख घेतले, आणि सही आधी केली. भाऊ सख्खा, वहिनीने पुरणपोळी केलेली, ओटी भरलेली. तिथे आधी पैसे दाखव, असे म्हणायला जीभ रेटत नाही. चेक भरला आणि पाचव्या दिवशी कळले की तो परत आला आहे. कारण लिहिले होते, सही जुळत नाही.

बँकेने तसा मेसेज पाठवला होता, पण खात्याला जोडलेला क्रमांक माझ्या यजमानांचा जुना, बंद पडलेला. मेमो शाखेतच एका फाइलमध्ये पडून होता. मी दोन वेळा गेले तेव्हा साहेब नाहीत म्हणून परत पाठवले गेले आणि तिसऱ्या वेळी तो हातात मिळाला. भावाला फोन केला तर तो म्हणाला, सही घाईत झाली असेल, दुसरा चेक देतो. तो ‘देतो’ आठवड्यावर आठवडे चालला. शेवटी माझ्या पुतणीने, जी शिकलेली आहे, दिवस मोजले आणि सत्ताविसाव्या दिवशी वकिलामार्फत नोटीस गेली. नोटीस पोचल्यावर दहा दिवसांत दोन हप्त्यांत सगळे पैसे आले. भाऊ वर्षभर बोलला नाही. मागच्या नागपंचमीला आला, तेव्हा माझ्याकडूनही काही विषय निघाला नाही.

म्हणून जांबोटीकर दादा, तुमच्या आईंना हे वाचून दाखवा. मामेभाऊ वाईट आहे, असे कोणी म्हणत नाही. पण कागदावर क्रम लिहिलेला असला की मागण्याचा संकोच आपल्यावर येत नाही. वकिलांनीच असे लिहिले आहे, असे म्हणता येते.

सोसायटीबद्दल मात्र शाखाधिकारी काकांशी माझे थोडे वेगळे मत आहे. आम्हा बायकांना बँकेत कोणी उभे करत नाही, हे त्यांना काउंटरच्या त्या बाजूने दिसले नसेल. मी लाखभर रुपये अजूनही सोसायटीत ठेवते, कारण अडीनडीला रात्री सात वाजताही तिथे माणूस भेटतो. सगळे ठेवू नये, हे मान्य.

कंग्राळीचा व्यापारी

एवढी चर्चा कशासाठी? चेक नको, डीडी, म्हणजे बँकेचा डिमांड ड्राफ्ट, मागा. डीडी परत येत नाही. आमच्या धंद्यात नवा गिऱ्हाईक असला की आम्ही हेच करतो.

निवृत्त शाखाधिकारी, टिळकवाडी

निपाणीच्या ताईंचा टोमणा योग्य आहे आणि मला तो मान्य आहे. काउंटरच्या या बाजूने पुष्कळ गोष्टी दिसत नाहीत.

डीडीबद्दल. चेकपेक्षा तो निश्चित बरा, कारण पैसे आधीच बँकेने घेतलेले असतात आणि खात्यात शिल्लक नाही म्हणून तो परत येत नाही. पण त्यावरही नाव बिनचूक लागते, मुदत तीन महिन्यांचीच असते, आणि बनावट डीडीची प्रकरणे मी स्वतः हाताळली आहेत. त्यापेक्षा कागदच नको. मामेभावाने आपल्या शाखेत जाऊन आरटीजीएस करावे, म्हणजे आपल्या खात्यातून थेट आईंच्या खात्यात रक्कम पाठवावी. दोन लाखांपासून पुढच्या कोणत्याही रकमेला ते चालते, डिसेंबर २०२० पासून ही व्यवस्था चोवीस तास सुरू असते, आणि रक्कम एकदा जमा झाली की देणाऱ्याला ती थांबवता येत नाही. खाते क्रमांक चुकला तर काय, ही भीतीही आता कमी झाली आहे. पैसे पाठवण्यापूर्वी त्या क्रमांकाचे खाते कोणाच्या नावाचे आहे, ते पाहण्याची सोय एप्रिल २०२५ पासून बँकांनी दिली आहे. मामेभावाने आधी हजार रुपये एनईएफटीने (लहान रकमांनाही चालणारी अशीच सोय) पाठवून पाहावे, आईंच्या पासबुकात दिसले की उरलेले पाठवावेत.

गृहलक्ष्मीचे उत्तर मागच्या वेळी राहून गेले. त्या योजनेतून वगळण्याची अट बाई स्वतः किंवा तिचे यजमान आयकर किंवा जीएसटी भरत असण्याबद्दल आहे, खात्यातल्या शिलकीबद्दल नाही. पैसे ठेवीत टाकल्यावर ज्येष्ठ नागरिकांच्या व्याजावर वर्षाला एक लाखापर्यंत बँक कर कापत नाही. त्यावर गेले आणि एकूण उत्पन्न कराच्या मर्यादेखाली असले, तर स्वयंघोषणापत्र भरून द्यायचे. दहा-बारा लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकता आले तर पाहा. पोस्टातही ती मिळते, मर्यादा तीस लाखांची आहे आणि हमी सरकारची आहे.

वकील, चिकोडी

आरटीजीएसला माझा पूर्ण पाठिंबा, पण क्रम पुन्हा तोच. मामेभाऊ म्हणेल, मी आधी पैसे पाठवले आणि आत्याने सही केली नाही तर? त्याचीही भीती रास्त आहे. उपाय असा की, दोन्ही वकिलांनी अर्ज आधी तयार करून त्याची प्रत एकमेकांना द्यावी, लोकअदालतीच्या दिवशी सकाळी रक्कम पाठवावी, बँकेने त्या व्यवहाराला दिलेला बावीस अक्षरी यूटीआर क्रमांक अर्जातल्या मोकळ्या जागेत लिहावा, आईंच्या पासबुकाची नोंद छापून आणावी आणि मग दोघांनी सह्या कराव्यात. लोकअदालत बहुधा शनिवारी असते. दुसरा किंवा चौथा शनिवार असेल तर शाखा बंद, म्हणून अशा वेळी पैसे शुक्रवारी पाठवून यूटीआर दोन्ही वकिलांकडे ठेवावा. आणि हे सांगायचे राहिले होते : रक्कम थेट आईंच्या खात्यात. वकिलाच्या खात्यात नको, मुलाच्याही नको.

जांबोटीकर

सर्वांचे मनापासून आभार. काल सर्व उत्तरे आईला वाचून दाखवली. निपाणीच्या ताईंचे वाचताना तिने मध्येच थांबवून पुन्हा वाचायला लावले आणि मग म्हणाली, पुरणपोळी झाल्यावरच सही करायची असते काय?

आज सकाळी तिला घेऊन बँकेत गेलो होतो. खाते पूर्ण केवायसीचे आहे, पण मोबाईल क्रमांक थोरल्या बहिणीच्या लग्नाआधीचा निघाला. तो बदलण्याचा अर्ज दिला. काउंटरवरच्या मुलाने स्लिप स्वतः भरून दिली आणि आईशी मोडक्यातोडक्या हिंदीत बोलला. तिनेही त्याला, घरचे कोण कोण असतात, म्हणून विचारून घेतले. तो रायचूरचाच आहे, काका.

मामेभावाशी बोललो. रोखीचा दंड घेणाऱ्याला होतो हे ऐकल्यावर तो आधी गप्प झाला, आणि मग पूर्ण रक्कम आरटीजीएसने पाठवायला तयार झाला. मात्र त्यासाठी त्याला एक ठेव मोडावी लागणार असल्याने पंधरा दिवस मागितले आहेत. ते लोकअदालतीच्या आधीच संपतात. नावाच्या दुरुस्तीचा अर्ज आमचे वकील गुरुवारी दाखल करत आहेत. सोसायटीच्या सेक्रेटरींना मी अजून काही सांगितलेले नाही. आईचे म्हणणे आहे की, ते ती स्वतः जाऊन सांगेल आणि पन्नास हजार तिथे ठेवील.